परत न मागितलेलं वाण

संक्रांतीला काय लुटायचं, यावरून आमच्या वसाहतीतल्या बायका दिवाळीपासूनच एकमेकींचा अंदाज घेत असत. सातपूरला कारखान्यांच्या पाठीमागे आमची घरं होती, भिंतीला भिंत लागून, तीस-पस्तीस बिऱ्हाडं. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या हातात वाण म्हणून एकेक वस्तू ठेवायची, ही रीत. कोणी दिलेली प्लॅस्टिकची वाटी पहिल्याच गरम चहाने वाकडी झाली, कोणाचा चमचा महिन्यात गंजला, हे सगळ्यांना तोंडपाठ असायचं. नावं ठेवण्यात माझा हात धरणारी कोणी नव्हती. या बायकांपेक्षा आपण हुशार आहोत असं मला वाटायचं. अजूनही कधीकधी वाटतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. नवरा एका कारखान्यात लेथवर होता आणि मी घरी बसून टिकल्यांची पाकिटं भरायचे. अंबडला एका पत्र्याच्या शेडमध्ये त्या टिकल्या बनत. मखमली कापडाला मागून गोंद लावायचा, त्याखाली मेणकागद, आणि वरून साच्याने गोल गोल ठोकायचे. ते ताव वेगवेगळ्या वस्त्यांतल्या आम्ही आठ-दहा जणी घरी आणायचो, आमच्या वसाहतीतली मी एकटीच; चिमट्याने एकेक टिकली उचलून छापील कार्डावर लावायचो आणि कार्ड पाकिटात सरकवायचो. मान मोडायची, डोळे चुरचुरायचे, पण घर सोडावं लागत नसे. मालक गोड बोलणारा होता. प्रत्येकीला ताई म्हणायचा आणि ताई म्हणता म्हणता प्रत्येकीची थोडी पाकिटं नापास करायचा.

त्या वर्षी डिसेंबरात तावांचा वास बदलला. पंक्चरवाल्याच्या दुकानात येतो तसा उग्र वास. शेडमधल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "नवीन गोंद आहे. एकदम पक्का. आंघोळीतसुद्धा हलणार नाही." मला ते ऐकून बरं वाटलं, कारण जुन्या टिकल्या घामाने गळून पडत आणि भांडी घासताना राखेत सापडत. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की यंदा वाण टिकल्यांचं द्यायचं. सवाष्णीला कपाळाचं लेणं द्यायचं म्हणजे मान मोठा, आणि मालक माझ्या मजुरीतून कापून देणार म्हणजे बाजारापेक्षा स्वस्त. ही पाकिटं मीच भरलेली आहेत हे मात्र कोणाला कळू द्यायचं नव्हतं. विचारलं तर सांगायचं, शहरातल्या बाजारातून, मेन रोडवरून आणली.

शेजारच्या घरात त्या वर्षी नवी सून आली होती. पेठकडच्या डोंगरातल्या गावातली, एकोणीस-वीस वर्षांची, कामाला वाघ. नवरा पाळीवर जाणारा, मुका म्हणावा इतका गप्प. सासूने घरातल्या सगळ्यांच्या वाटणीचं बोलणं स्वतःकडे घेतलेलं. पहिली संक्रांत म्हणून पोरीला काळी साडी नेसवली होती, अंगावर हलव्याचे दागिने होते, आणि माझ्या घरातल्या सतरंजीवर ती अशी बसली होती की जणू हलली तर काहीतरी सांडेल. मी तिला सगळ्यांपेक्षा मोठं पाकीट दिलं, चार आण्याच्या नाण्याएवढ्या मरून टिकल्यांचं.

"ताई, लय भारी हायेत," ती म्हणाली. "जपून लावीन."

"जपतेस कशाला? रोज लाव," मी म्हटलं. "संपल्या की आणखी देईन."

बायका घरी गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, यंदा माझं वाण सगळ्यांच्या नाकावर टिच्चून झालं.

चार-पाच दिवसांत माझ्या कपाळाला खाज सुटली. मी टिकली काढली, खोबरेल चोळलं, घरात जुन्या मालातलं एक पाकीट होतं त्यातली लावली. खाज थांबली आणि मी विसरले. दोन-तीन जणींनी नळावर तशीच तक्रार केली. त्यांनी माझी पाकिटं केरात टाकली असणार आणि माझ्या पाठीमागे माझ्या वाणाची यथेच्छ निंदा केली असणार. त्या बायका सुटल्या. त्यांच्याकडे दुसरी टिकली विकत घ्यायला आठ आणे होते आणि मोकळं कपाळ घेऊन तासभर वावरायची मुभा होती.

रथसप्तमीच्या सुमारास ताव आणायला शेडवर गेले, तर मालक स्वतः दारात उभा.

"ताई, डिसेंबरापासूनचा सगळा मरून आणि लाल माल परत आणा," तो म्हणाला. "गुजरातच्या व्यापाऱ्याने पेटी परत पाठवली. गोंदाने कातडीचा रंग जातोय म्हणे. कोणाला बोलू नका, धंदा बसेल. परत आणलेला माल मी घेतो, तुमचं नुकसान होऊ देणार नाही."

दुकानांतला माल त्याने टेम्पो फिरवून उचललाही होता. त्यासाठी त्याला कुठला हुकूम आला नव्हता. सदोष माल बाजारातून परत बोलावलाच पाहिजे, लोकांना तसं जाहीर सांगितलंच पाहिजे, असा धाक तेव्हा कोणालाच नव्हता. व्यापाऱ्याची पुढची ऑर्डर जाईल एवढ्या भीतीने त्याने ते केलं, आणि वर्तमानपत्रात एक ओळ न छापता केलं.

माझ्याकडे दोन ताव आणि सहा पाकिटं उरली होती. दुसऱ्याच दिवशी मी ती नेऊन दिली. त्याने एक वही पुढे केली. वर बॉलपेनने लिहिलं होतं: माल परत देण्याची सूचना मिळाली, पुढे ज्यांना दिला त्यांना कळवीन. तोंडाने तो म्हणत होता कोणाला सांगू नका आणि वहीत लिहून घेत होता कळवीन. मी दहावी पास आहे, मला वाचता येतं. मी वाचलं आणि खाली सही केली.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. "वेडी का काय तू?" त्या म्हणाल्या. "सवाष्णीला दिलेलं वाण परत मागतात का? आणि तेही कपाळाचं? दारात जाऊन काय म्हणणार, टिकली काढा म्हणून? चपलेने मारतील."

त्यांनी हे एकदाच सांगितलं. पुढचे दोन महिने ते मी स्वतःला रोज सांगत होते. रीत आहे, अपशकुन होईल, नवी नवरी आहे, तिच्या सासूला काय वाटेल. हे सगळं खरं होतं आणि हे कारण नव्हतं. परत मागायला गेले असते तर टिकल्या मेन रोडच्या नाहीत, मी मजुरीवर भरते त्या शेडच्या आहेत, हे बाहेर पडलं असतं. वाणात कारखान्यातला माल खपवला म्हणून बायकांनी मला वर्षभर सोललं असतं. ते मला सोसवणार नव्हतं, एवढंच कारण होतं.

एकदा नळावर ती माझ्या मागे उभी होती. तिने हळूच विचारलं, "ताई, टिकलीखाली चुरचुरतं. तुमाला व्हतं का असं?"

मी हंडा भरत होते. मागे वळले असते तर तिच्या कपाळाकडे बघावं लागलं असतं. "नवीन आहे, सवय होईल," मी म्हटलं.

"काढून ठिवली तर सासूबाई वरडतात. मोकळं कपाळ चालत नाय त्यांना."

"मग राहू दे," मी म्हटलं, आणि हंडा उचलला.

होळीच्या दिवशी ती पुरणाच्या धगीने घामाघूम होऊन दारात आली. पदराने कपाळ पुसलं तेव्हा टिकली सरकली आणि तिच्याखाली दुसरी टिकली दिसली, पांढरी, तेवढीच गोल. तिने चटकन मरून टिकली जागेवर दाबली. ती काय झाकतेय हे तिला कळलं होतं, आणि मला ते तिच्याआधी कळायला हवं होतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या सासूने तिला भर गल्लीत उभं केलं, टिकली खरवडून काढली आणि सगळ्यांना दाखवली. "बघा! कोडाची पोरगी गळ्यात मारली आमच्या! घराण्यात असणार, लपवलं रांडेच्यांनी!" बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. यातल्या काही जणींच्या कपाळाला दोन महिन्यांपूर्वी खाज सुटली होती, पण एकीलाही ते आठवलं नाही. पोर रडत नव्हती. माझ्या दाराकडे बघत होती, कारण सगळ्या गल्लीत तिच्याशी चार शब्द बोलणारी मीच होते. मी आत गेले आणि कुकर लावला. शिट्ट्यांच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नाही. संध्याकाळी तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला.

आठवड्याने तो पुन्हा आला, एकटा. धोतराला डोंगरातली लाल माती, हातात टोपी. "बाय, ती टिकली कुठची व्हती तेवढं सांगा," म्हणाला. "डागदर म्हनतो, टिकलीचाच डाग वाटतो."

"मेन रोडवरून आणली होती," मी म्हटलं. "दुकान आठवत नाही." तो मेन रोडवर दुकानं हुडकत दिवसभर फिरला, हे मला नंतर कळलं.

पावसाळ्याच्या तोंडावर ती स्वतः आली. सासरच्या घराकडे मान न वळवता सरळ माझ्या दारात. कपाळ मोकळं होतं आणि मधोमध तो पांढरा गोल, काठ इतके साफ की जणू कोणी साच्याने ठोकून काढलाय. वाढलेला नव्हता, दुसरीकडे कुठे आलेला नव्हता. तिने पिशवीतून माझं पाकीट काढलं आणि जमिनीवर ठेवलं. चार टिकल्या शिल्लक होत्या. वाण म्हणून तिने ते पेटीत जपून ठेवलं होतं.

"मला पैसं नकोत," ती म्हणाली. "डागदरनं चिठ्ठी दिली तर सासू म्हनती, पैसं दिलं का डागदर काय बी लिवून देतो. सरकारच्या शिक्क्याचा कागद आन म्हनती. त्यावर लिवलेलं पायजे का मला कोड नाय, टिकलीनं झालं. तेवढी एक वळ पायजे ताई."

मी कबूल केलं. म्हणजे अर्धंच केलं. टिकल्या अंबडच्या शेडच्या आहेत, मीच भरते, मजुरीतून कापून घेतल्या, हे सांगितलं. मालकाने परत मागवल्या होत्या आणि मी वहीत सही केली होती, हे सांगितलं नाही. ती माझ्या पाया पडली. मी तिला पाया पडू दिलं.

एका वाचनालयाच्या खोलीत दर शनिवारी एक निवृत्त मास्तर ग्राहकांना फुकट सल्ला देत बसायचे. कोणाचा पंखा, कोणाचा मिक्सर, कोणाची बोगस बियाण्यांची पिशवी. आम्हाला पाहून ते आधी कंटाळले आणि पाकीट पाहून ताठ बसले.

"ही ग्राहक नाही," ते म्हणाले. "हिने विकत घेतलं नाही, हिला भेट मिळालं. पहिल्याच दिवशी वकील हेच म्हणणार." मग माझ्याकडे बोट केलं. "पण तुम्ही विकत घेतलंत. मजुरीतून कापलं म्हणजे मोल दिलं. आणि घेणाऱ्याच्या संमतीने जो वस्तू वापरतो, तोही कायद्याने ग्राहकच. तुम्ही उभ्या राहिलात तर ही उभी राहते. तुम्ही बसलात की ही गेली."

मी उभी राहते म्हटलं. मास्तर इतके खूश झाले की स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. "एक बाई पोटावर पाय देऊन खरं बोलायला तयार आहे," असं ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगत होते. ते मला फार आवडलं. शेडचं काम गेलं, त्याचंही मला कौतुक वाटलं. वसाहतीतल्या बायका, ज्या मला सोलतील म्हणून मी दोन महिने गप्प बसले, त्यांनी दोन दिवस कुजबुज केली आणि मग म्हणाल्या, हिंमतीची बाई आहे. म्हणजे ज्याला भ्याले ते दोन दिवसांचं होतं.

तक्रार दोन वर्षांवर चालली. ग्राहक मंचाच्या तारखा पडत, शेडचा वकील येत नसे, मग आला की मुदत मागत असे. चार टिकल्यांतल्या दोन तपासायला गेल्या. त्यांचा अहवाल आला की गोंद चपलांच्या कारखान्यात वापरतात त्या जातीचा आहे आणि त्यातल्या द्रव्याने काहींच्या कातडीचा रंग जातो. मास्तरांनी तो अहवाल मला तीनदा वाचून दाखवला. प्रत्येक तारखेला पोरीचा बाप पेठहून पहिल्या एसटीने यायचा आणि माझ्यासाठी काहीतरी घेऊन यायचा. नागलीचं पीठ, हातसडीचा तांदूळ, एकदा मध. मी सगळं घेतलं. माझ्या घरी दोन वर्षं त्या माणसाचा तांदूळ शिजला आणि आम्ही त्याच्या वासाची तारीफ करत जेवलो.

मास्तरांनी माझं प्रतिज्ञापत्र लिहिलं तेव्हा विचारलं होतं, "दोष तुम्हाला कधी कळला?" मी म्हटलं, पाडव्यानंतर, तिचा डाग पाहून. त्यांनी तसंच लिहिलं. शपथेवर.

शेडचा वकील तरुण होता, नम्र होता. त्याने मला बसायला खुर्ची द्यायला सांगितलं. "ताई, पाडव्याच्या आधी तुम्हाला या मालाबद्दल कोणी काही बोललं होतं?"

"नाही."

त्याने शेडमधली ती वही पुढे केली. "ही सही कोणाची?"

खोलीत पंखा फिरत होता. मंचावर निवाड्याला बसलेल्या बाईंनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि वरची ओळ मोठ्याने वाचली. पुढे ज्यांना दिला त्यांना कळवीन. मग तारीख वाचली. मग विचारलं, "दोन ताव आणि सहा पाकिटं परत केलीत. म्हणजे तुमच्या घरातली केलीत. दिलेल्यांना कळवलंत?"

"नाही," मी म्हटलं.

"का?"

मी म्हटलं, वाण परत मागत नाहीत. ऐकणाऱ्यांत कोणीतरी हसलं. मंचाच्या बाई हसल्या नाहीत. त्यांच्याही कपाळावर टिकली होती, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता त्या ती काढून माझ्यासमोर ठेवतील.

पोर मागच्या बाकावर बसली होती. जिन्यात तिने मला गाठलं. ओरडेल, थोबाडीत देईल, असं मला वाटत होतं, आणि ते मला चाललं असतं. ती म्हणाली, "नळावर मी इचारलं तवा तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"तुमी म्हनला, सवय व्हईल."

"हो."

तिच्या बापाने त्या दिवशीही पिशवी आणली होती. ती त्याच्या हातातच होती. तो ती पुढे करावी का नाही या विचारात तसाच उभा राहिला. जन्मभराची सवय असते माणसाला, पाहुण्यासारखं वागायची. मुलीने त्याचा दंड धरला आणि त्याला खाली नेलं. मास्तर पायऱ्या उतरताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालकाला वाचवायला वकिलाची गरजच नव्हती, बाई. तुम्ही होतात."

तरी निकाल आमच्या बाजूने लागला. माल सदोष होता, डाग त्या गोंदानेच पडला, हा जन्मजात किंवा वंशातला रोग नव्हे, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पुढे लिहिलं होतं की तक्रारदार क्रमांक एक, म्हणजे मी, माझं संपूर्ण नाव, हिला दोष वेळेवर कळला होता, हिने स्वतःजवळचा माल परत करून स्वतःला वाचवलं पण वापरणारीला सावध केलं नाही, शिवाय शपथेवर खोटं सांगितलं. सबब नुकसानभरपाई निम्मी करण्यात येते. पोरीला हवी होती ती ओळ मिळाली. माझं नाव त्या ओळीच्या बरोबर खाली होतं.

तिने निरोप पाठवला, सासरी कागद दाखवायला जायचंय, तुम्ही यायचं आणि वाचायचं. शेजारचंच घर, भिंतीला भिंत, पण त्या दाराशी मी अडीच वर्षांत गेले नव्हते. मी उभ्याने वाचलं. माझ्या नावाची ओळ गाळावी असं वाटलं, पण ती माझ्या ओठांकडे बघत होती. सासूने सगळं ऐकून घेतलं. शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"कोड नाय म्हंता," ती म्हणाली. "बरं. हे त्या होळीला सांगितलं असतं तर मी काय राक्षसीण हाये का? ठेवली असती पोरीला. आता फारकत झाली, दुसरी केली. तिला चौथा महिना चाललाय." मग कागद परत देत म्हणाली, "आता हा कागदच लाव कपाळाला."

आत भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे दुसरी सून कामाला होती. आमची पोर कागदाची घडी घालून बाहेर पडली. चप्पल घालताना ती पहिल्यांदा रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिने खांदा असा झटकला की माझा हात बाजूला पडला. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

कागद मात्र फिरत राहिला. त्या पोरीच्या पाठीवर दोन बहिणी होत्या. स्थळ आलं की गावात कोणीतरी सांगायचंच, थोरलीला डाग आहे, चौकशी करा. मग बाप झेरॉक्स काढून द्यायचा. आणि माणसं कागदावर थोडीच विश्वास ठेवतात, ती कागदातली माणसं बघायला येतात. माझं नाव आणि पत्ता त्यात होताच. पहिल्यांदा दोन पुरुष आले तेव्हा मला वाटलं वीजबिलवाले आहेत. त्यांनी खिशातून घडी काढली आणि विचारलं, "ह्या बाई तुम्हीच का?"

असे चार वेळा लोक आले. नवरा उठून बाहेर जायचा. मी पाणी द्यायचे आणि सगळं सांगायचे, टिकली, गोंद, वही, सही. खोटं बोलायची सोय नव्हती आणि खरं बोलण्यात शौर्य नव्हतं. धाकट्या दोघींची लग्नं झाली.

शेवटचे आले ते या शतकातले, माझे केस पिकायला लागल्यावर. एक पुरुष आणि त्याची म्हातारी आई, दिंडोरीकडचे. त्याची बायको वारली होती, पदरात दोन मुलं. स्थळ थोरलीसाठी होतं. ती आता तिशीची झाली होती, गावच्या अंगणवाडीत खिचडी शिजवायची. म्हातारीने बैठक मारली आणि नातीसाठी बांगड्या बघाव्यात तसं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"त्या टिकलीचं तुम्हाला ठाऊक व्हतं म्हंत्यात?"

"हो."

"किती दिस?"

"रथसप्तमीपासून पाडव्यापर्यंत."

"आन् रोज दिसत व्हती का ती पोर तुम्हाला?"

"रोज. शेजारीच राहायची."

मुलगा खाली बघत होता. म्हातारीने मान डोलवली. ती हिशेब जुळल्यासारखी दिसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "म्हंजी डाग बाहेरून आला. रक्तातला नाय. हिला पोरं झाली तर त्यांना यायचा नाय."

"नाही येणार," मी म्हटलं. "डॉक्टरांनीही लिहिलंय."

म्हातारीने सुटकेचा श्वास टाकला. माझ्या हातावर हात ठेवला, थोपटला. इतक्या वर्षांत त्या पोरीपायी दारात आलेल्या कोणी मला पहिल्यांदाच मायेने हात लावला होता.

"लय बरं झालं बाई, तुमच्या हातून झालं," ती म्हणाली. "देवाघरचं असतं तर आम्ही नसती केली."

मग तिने मुलाला खूण केली, आणि दोघं पोरीच्या गावाकडची, पेठची गाडी गाठायला निघाले.